गुंड्या जेवत नाहीये (गावठी कुत्रा, वय १४). काय करू?

शुभदा_भांडुप | ७ जुलै, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या विभागात वाचनमात्र असते, आज विषय वेगळा आहे. आमचा गुंड्या चौदा वर्षांचा झालाय. २०११ च्या पावसाळ्यात बिल्डिंगच्या मीटरबॉक्सखाली सापडला तेव्हा ओंजळीत मावत होता. परवापरवापर्यंत अठरा किलोचा होता, शनिवारी वजन केलं तर सोळा भरलं.

गेले पाच-सहा दिवस असं चाललंय की तो वाडग्यापाशी जातो, वास घेतो, ओठांवरून दोन-तीनदा जीभ फिरवतो आणि मागे वळून निघून जातो. आवडलं नाही म्हणून जाणारं कुत्रं वेगळं दिसतं हो, हा खायला म्हणूनच येतो. दहीभात, उकडलेलं चिकन, अंडं, दुधात भिजवलेलं पेडिग्री, सगळं करून झालं. काल आषाढीला आई म्हणाली, "घरात खरी एकादशी यानेच केली." आणि मग स्वतःच डोळे पुसत मीठ-मोहरी घेऊन त्याची दृष्ट काढायला बसली. तिच्या मुठीबरोबर त्याची मान डावी-उजवी होत होती, त्याला वाटलं मुठीत काहीतरी खाऊ आहे.

पाणी मात्र भरपूर पितो. रात्री दोनदा खाली न्यावं लागतं, आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. जवळचे डॉक्टर म्हणाले, वय झालंय, आणि बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन दिलं. फरक शून्य. म्हातारपणी भूक जातेच का? की मी काहीतरी करायला हवं?

चिंचोका | ८ जुलै, सकाळी ७.१५

रक्त तपासलं का? नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी तेवढं करा. पावसाळ्यात गोचीड तापाची साथ असते. आमच्या राणीचंही असंच झालं होतं, नुसती पडून राहायची. प्लेटलेट वीस हजारांवर आल्या होत्या. वेळेवर कळलं म्हणून वाचली.

आजोबा_७० | ८ जुलै, सकाळी ९.०२

आमच्या टायगरला अंगात कणकण वाटली की आम्ही अर्धी पॅरासिटामॉल गुळात घालून द्यायचो. दुसऱ्या दिवशी टणाटण. पूर्वी कुठे होत्या हो तपासण्या? पोळीचा तुकडा टाकला की खायचं, नाही खाल्लं तर संध्याकाळी खायचं. कुत्र्याचे फार लाड झालेत हल्ली.

परळची_पशुवैद्य | ८ जुलै, दुपारी १.३०

आजोबा, राग मानू नका, पण वरचं वाचून कुणी डबा उघडायच्या आत लिहिते. कुत्र्याला पॅरासिटामॉल देऊ नका. त्याने यकृताला इजा होते आणि रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद कमी होते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक त्याहून वाईट, जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडं बसतात. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली ती अशी मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती म्हणून, पण आपल्या घरातल्या कुत्र्यानेही त्या गोळीपासून लांबच राहावं. तुमचा टायगर दणकट होता एवढंच.

शुभदा, मी नेटवरून निदान करत नाही, पण तुमच्या लिहिण्यातल्या दोन गोष्टींवर बोट ठेवते. एक, खूप पाणी आणि खूप लघवी. दोन, वास घेऊन ओठ चाटणं आणि माघारी फिरणं. ओठ चाटणं ही बहुतेक वेळा मळमळ असते. भूक लागलेली असते, पण अन्नाचा वास नाकात गेला की ढवळतं. दिवस गेलेले असताना ज्यांना फोडणीचा वास सहन झाला नाही त्यांना हे लगेच समजेल. अशा कुत्र्यापुढे रोज नवा पदार्थ मांडत राहिलं तर रोज एका नव्या पदार्थाची शिसारी बसते.

"वय झालंय" हे निदान नव्हे, तेवढं जन्मतारखेवरूनही कळतं. दात किडलेत का, हिरडीत पू आहे का, सांधे दुखतात म्हणून वाकून खाता येत नाही का, यकृत, स्वादुपिंड, हृदय, पोटात एखादी गाठ, गोचीड ताप, उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टो, हे सगळं बघायला लागतं. मादी असती आणि ऑपरेशन झालेलं नसतं तर गर्भाशयात पू झालाय का हे मी सगळ्यात आधी विचारलं असतं. तुमच्या वर्णनावरून मी मूत्रपिंडं आधी बघेन. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) प्लेटलेटसकट, मूत्रपिंडांचं काम दाखवणारे क्रिएटिनिन, युरिया, फॉस्फरस, यकृताच्या चाचण्या, लघवी आणि पोटाची सोनोग्राफी एवढं करून घ्या.

तोवर घरी बघा: वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा, पांढरी होऊन दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. मुळातच पांढुरकी असेल तर रक्त कमी आहे. ताप गुदद्वारात थर्मामीटर घालून, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं, नाकाच्या ओलेपणावर जाऊ नका. आणि कृपा करून सिरिंजने पातळ खिमट तोंडात कोंबू नका. श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो.

नाखवा | ८ जुलै, रात्री १०.२०

ताई, आमच्या कोळीवाड्यात कुत्रं जेवत नाही असं होत नाही. मूठभर सुकट तव्यावर भाजा आणि भातात कुस्करा. वास गेला की मेलेलं कुत्रंपण उठेल. पाहिजे तर मी पाठवतो, वर्सोव्याहून भांडुपला माझा पोरगा रोज जातो कामाला.

निमूट | ८ जुलै, रात्री १०.४१

मेलेलं कुत्रं 😄. नाखवा, भावना पोचल्या, पण रिपोर्ट येऊ द्या. सुकटीत मीठ किती असतं ते तुम्हाला जास्त ठाऊक.

शुभदा_भांडुप | १० जुलै, रात्री १०.०५

आज दिवसभराची कथा. दादाने आणि वॉचमनने सतरंजीची झोळी करून त्याला खाली आणलं. मुंबईबाहेरच्यांसाठी सांगते, रिक्षा शीवच्या पुढे जात नाही, म्हणून भांडुप ते शीव रिक्षा आणि तिथून टॅक्सी. तीन टॅक्सीवाल्यांनी कुत्रा बघून मान हलवली. चौथ्याने विचारलं, "बैलघोडा ना? बसा." पाटीवर बाई साकरबाई दिनशॉ पेटिट असं लांबलचक नाव आहे, पण परळला जाणाऱ्याच्या तोंडी ते बैलघोड्याचं हॉस्पिटलच. रांगेत आमच्यापुढे एक बकरी होती आणि एक पोपट. गुंड्या आयुष्यात पहिल्यांदा बकरीवर भुंकला नाही, तेव्हा मला रडू आलं.

क्रिएटिनिन ३.९. युरिया आणि फॉस्फरस वाढलेले. हिमोग्लोबिन ८.६. प्लेटलेट ठीक. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं आक्रसलेली. डॉक्टरांनी ओठ वर करून दाखवला, आत गालाला दोन व्रण आहेत, आणि तोंडाला एक वेगळाच वास येतो, सार्वजनिक मुतारीसारखा. हा वास मला महिनाभर येत होता. मी दात घासायची पेस्ट आणली होती त्याच्यासाठी.

म्हणजे आता काय? डॉक्टर चांगले होते पण मागे रांग होती, मला अर्धंच समजलं.

परळची_पशुवैद्य | १० जुलै, रात्री ११.१५

शुभदा, पेस्टबद्दल स्वतःला बोल लावू नका. मूत्रपिंडाचं साधारण तीन-चतुर्थांश काम थांबेपर्यंत क्रिएटिनिन जागचं हलत नाही. उरलेला भाग निमूटपणे सगळ्यांचं काम ओढत असतो, बाहेर काही कळत नाही. (निमूट, तुमच्या नावाची आठवण झाली.)

२.९ ते ५ क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाच्या आजाराच्या चार पायऱ्यांतली तिसरी. गेलेलं मूत्रपिंड परत येत नाही. पण तिसऱ्या पायरीवर काही महिने बरे काढलेली, कधी वर्षभरही काढलेली कुत्री मी पाहिली आहेत. रक्तात साठलेल्या घाणीमुळे मळमळ होते, जठरात आम्ल वाढतं, तोंडात व्रण येतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी मळमळ थांबवणं, मग पाणी भरून काढणं, आणि मग जेवण. आपण सगळे उलटं करतो, वाडग्यापासून सुरू करतो. उलटीसाठी मॅरोपिटंट, आम्लाचं औषध, आणि ते लागू पडलं की भुकेसाठी मिर्टाझापिन, हे तुमच्या डॉक्टरांशी बोला. मूत्रपिंड कमजोर असताना मिर्टाझापिनचा डोस कमी ठेवावा लागतो, म्हणून दुसऱ्याच्या कुत्र्याचा डोस वापरू नका. रक्तदाब मोजला नसेल तर तोही मोजून घ्या.

खाण्यात फॉस्फरस कमी करायचा. म्हणजे कलेजी, हाडं, पाया सूप, सुकट, दूध-पनीर बंद. भात, अंड्याचा पांढरा भाग, थोडं चिकन, दुधी किंवा लाल भोपळा, चमचाभर तूप चालेल. रीनलचं, म्हणजे मूत्रपिंडाच्या आजारासाठीचं, तयार खाणं मिळतं आणि ते सगळ्यात चांगलं, पण मळमळ चालू असताना ते पुढे करू नका. एकदा त्याने त्याचा आणि ओकारीचा संबंध जोडला की संपलं. त्याच कारणाने कडू गोळी जेवणात लपवायची नाही. केळ्याच्या तुकड्यात, जेवणाच्या वेळेपासून लांब द्या.

नाखवा | ११ जुलै, सकाळी ६.३०

सुकट कॅन्सल. बाकी काही लागलं तर सांगा, पोरगा रोज जातोच आहे.

निमूट | ११ जुलै, दुपारी ३.००

आमच्या लॅब्रॅडॉरचं, ब्रूनोचं (हो, मुंबईतल्या दर तिसऱ्या लॅबसारखा तोही ब्रूनोच), हेच होतं. शेवटचे सात महिने घरी सलाईन लावायचो, कातडीखाली. डॉक्टरांना शिकवायला सांगा, दवाखान्याच्या फेऱ्या वाचतात आणि त्याचा जीवही. शिरेत नाही लावायचं, खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरून तंबू करायचा आणि त्यात सुई. आरएलची (रिंगर लॅक्टेट, म्हणजे सलाईनचीच) बाटली आधी कोमट पाण्याच्या बादलीत ठेवा, गार पाणी आत गेलं की ती शहारतात. किती मिली ते डॉक्टर ठरवतील. हृदय मोठं झालेलं असेल तर हे नाहीच. झोपलेला असताना श्वास मोजत जा, मिनिटाला तीसच्या वर जायला लागले तर थांबून फोन करा.

आणखी एक. वाडगा जमिनीवर ठेवू नका, पाटावर ठेवा. मान वाकवताना त्यांचे पुढचे पाय घसरतात, टाइल्सवर तर फारच. पाटाखाली गोणपाट.

शुभदा_भांडुप | १३ जुलै, रात्री ९.३०

पाट! आईला इतका आनंद झाला की विचारू नका. माळ्यावरून बाबांचा पाट काढला, धुतला, आणि रांगोळी काढायच्या बेतात होती, मी थांबवलं.

सलाईनचं सांगते. बाटली टांगायला स्टँड नाही, म्हणून बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दांडीला पंचाच्या फडक्याने बांधली आणि दोरीने वर ओढली. खाली गुंड्या, त्याच्या एका बाजूला आई शेपटीपर्यंत हात फिरवत आणि मी सुई हातात धरून. कातडीचा तंबू धरला, सुई आत जाताना जाड कापडातून गेल्यासारखा बारीकसा "टच" असा स्पर्श बोटांना लागतो. मी डोळे मिटून घेतले आणि पाणी आईच्या मांडीवर ठिबकायला लागलं. सुई दुसऱ्या बाजूने बाहेर आली होती. तोंडातून आवाज माझा निघाला, त्याचा नाही. दुसऱ्या खेपेला जमलं. दीडशे मिली गेलं तोवर त्याच्या पाठीवर उंटासारखी मदार आली. सकाळी उठून बघते तर मदार गायब आणि पुढचा डावा पाय केळफुलासारखा सुजलेला. मी घाबरून डॉक्टरांना फोन लावला तर ते हसले, पाणी खाली उतरलंय, दुपारपर्यंत जिरेल. जिरलं.

उलटीचं औषध सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी, म्हणजे आज संध्याकाळी, त्याने पाटावरचा वाडगा चाटून पुसला. भात, अंड्याचा पांढरा, तूप. वाडगा पाटावरून ढकलत ढकलत भिंतीपर्यंत नेला. मी तो आवाज फोनवर रेकॉर्ड केलाय.

चिंचोका | १३ जुलै, रात्री ९.४०

वाखू (वाचनखूण) साठवली. गुंड्याला एक पापी.

कांदेपोहे | १४ जुलै, दुपारी १२.१०

गरम करून द्या, शरीराइतपत कोमट. म्हाताऱ्या कुत्र्याचं नाकही मंदावतं, गार भाताला त्याच्या लेखी वासच नसतो. आणि वाडगा घेऊन त्याच्या मागे घरभर फिरू नका. पंधरा मिनिटं ठेवा, नाही खाल्लं तर उचला, काही न बोलता. आमच्याकडे पाच माणसं गोल करून उभी राहायची तो खातो का बघायला. कोण खाईल हो अशाने? मुलगी बघायच्या कार्यक्रमात मला एकदा पोहे गेले नव्हते.

शुभदा_भांडुप | २६ जुलै, रात्री ११.००

दोन आठवडे बरे गेले. वजन १६.४. काही नव्या गोष्टी लिहून ठेवते, कुणाच्या उपयोगी पडतील.

रात्री दोन-अडीचला उठून तो स्वयंपाकघराच्या दारामागे जाऊन उभा राहतो, तोंड कोपऱ्याकडे. मागे सरकायचं असतं हे त्याला आठवत नाही. डॉक्टर म्हणाले म्हातारपणात मेंदूचंही होतं असं, माणसांसारखंच. आता देवघरातला छोटा दिवा रात्रभर चालू ठेवतो आणि ते दार दोरीने कडीला बांधून टाकलंय.

काल श्रावण लागला. शेजारच्या काकू लगेच सत्यनारायणाचा शिरा घेऊन आल्या आणि "मुक्या जीवाला प्रसाद नको का?" म्हणत त्याच्यापुढे हात केला. त्यात बेदाणे! मी द्रोण अक्षरशः हिसकावला. द्राक्षं-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष असतात हे त्यांना पटवायला अर्धा तास गेला, आणि तरी जाताना त्या म्हणाल्या, "प्रसादाने कधी कुणाचं वाईट होत नाही." कांदा-लसूणही नको, पण श्रावणात तो प्रश्न आपोआप सुटलाय.

जिन्यात दोनदा लघवी झाली म्हणून सोसायटीची नोटीस आली. मी रोज फिनाईलने पुसते. त्यावर जास्त लिहीत नाही.

आणि एक खरा प्रश्न. दादा म्हणतो, अजून चांगला आहे तोवर ठरवून ठेवू, हाल व्हायला लागले की सोडवायचा. आई म्हणते, आपल्या हातानं? ज्याला बोळ्याने दूध पाजलं त्याला? दोघंही मला विचारतात. मला उत्तर येत नाही.

कांदेपोहे | २७ जुलै, सकाळी १०.२०

अ‍ॅलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकन पशुवैद्यांनी २००४ मध्ये एक मोजपट्टी केली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला दहापैकी गुण. सत्तरपैकी पस्तिसाच्या वर असेल तर चालू ठेवायला हरकत नाही. तिघांनी वेगवेगळे गुण द्या, एकमेकांना न दाखवता. भांडण निम्मं कमी होतं.

निमूट | २७ जुलै, सकाळी ११.०५

आम्हाला ते गुण कधी जमले नाहीत. आनंदाला सहा द्यायचे की सात, यावर नवऱ्याशी भांडण झालं. त्यापेक्षा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दूधवाल्याचे खाडे लिहितो तिथेच, चांगला दिवस गेला तर फुली न करता टिंब काढायचं. वाईट दिवसाला फुली. काही बोलायचं नाही. सलग चौथी फुली आली तेव्हा नवऱ्यानेच फोन उचलला.

आजोबा_७० | २७ जुलै, दुपारी ४.४५

शुभदाताई, मागे मी लाडाबद्दल बोललो ते मागे घेतो. आमचा टायगर शेवटचे नऊ दिवस गॅलरीत ओरडत होता. तेव्हा असं काही करता येतं हे आम्हाला माहीतच नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं असंही नाही. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. हात आपलाच असावा, परक्याचा कशाला.

परळची_पशुवैद्य | २७ जुलै, रात्री ९.५०

आजोबांच्या वर मी काही लिहू नये. फक्त काय होतं ते सांगते, कारण ते माहीत नसल्याची भीतीच मोठी असते. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, पाच-दहा मिनिटांत तो गाढ झोपतो. मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. हृदय एक-दोन मिनिटांत थांबतं. डोळे मिटत नाहीत, उघडेच राहतात. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखा झटका येऊ शकतो, लघवी होते, खाली जुना टॉवेल ठेवा. बरेच डॉक्टर घरी येतात, आधी विचारून ठेवा. घरी झालेलं बरं, दवाखान्याच्या टेबलावर बहुतेक कुत्री थरथरतात.

शुभदा_भांडुप | १५ ऑगस्ट, संध्याकाळी ७.००

क्रिएटिनिन ६.२. चौथी पायरी. टिंबांपेक्षा फुल्या जास्त झाल्यात. आईने स्वतः पेन हातात घेतलं आज.

शुभदा_भांडुप | २४ ऑगस्ट, सकाळी ११.३०

गुरुवारी गेला गुंड्या.

रविवारपासून पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. मंगळवारी फोन केला तर बाहेर ते असलं धुवांधार चाललेलं, लोकल बंद, डॉक्टर ठाण्याहून निघूच शकत नव्हते. तो एक दिवस फार मोठा होता. तो बाल्कनीच्या दारात पडून पावसाकडे बघत होता आणि मी ठाण्याहून येणाऱ्या एलबीएस रोडवरचं पाणी फोनवर बघत होते. डॉक्टरांनी फोनवर विचारून दादाला उलटीचं इंजेक्शन द्यायला सांगितलं, त्यावर तो थोडा निजला. बुधवारी त्यांना यायचं होतं, पण आई म्हणाली, आज पाऊस थांबलाय, त्याला एकदा खाली मातीत नेऊ या. झोळीतून नेला. मीटरबॉक्सपाशी ठेवला. त्याने तिथे लघवी केली, जिन्यात नाही. सोसायटीला कळवते.

गुरुवारी डॉक्टर आले. सगळं तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं, म्हणून घाबरले नाही. डोळ्यांचं माहीत होतं, तरी आईने दोनदा मिटवून बघितले. गुंगीचं इंजेक्शन दिल्या दिल्या आईने गंगाजळात बुडवलेलं तुळशीचं पान त्याच्या तोंडात ठेवलं. त्याने ते जिभेने बाहेर ढकललं. तिने परत ठेवलं. त्याने परत ढकललं. मग डॉक्टरांसकट आम्ही सगळे हसलो, आणि ते हसणं चालू असतानाच त्याची मान आईच्या मांडीवर जड झाली.

नाखवा | २४ ऑगस्ट, सकाळी ११.५२

🙏 पोरगा तुमच्याकडे आला होता ना मागे बाटल्या घेऊन, त्याला सांगितलं आत्ता. गप्प बसलाय.

दादरकर | २५ ऑगस्ट, रात्री ८.१५

शुभदाताई, वेळ नाही हे कळतं, पण विचारतो. पुढचं कुठे केलंत? आमची पंधरा वर्षांची पॉमेरेनियन कुत्री आहे, आज ना उद्या लागणार.

शुभदा_भांडुप | २५ ऑगस्ट, रात्री १०.४०

विचारा हो, मीही इथेच विचारलं असतं. महापालिकेची पाळीव प्राण्यांची दहनभट्टी आहे मालाड पश्चिमेला, एव्हरशाईन नगरच्या कोंडवाड्यात. २०२३ मध्ये सुरू झाली, गॅसवर चालते, पैसे लागत नाहीत. आधी फोन करून जा. डॉक्टरांकडून मृत्यूचं पत्र तेव्हाच लिहून घ्या, नंतर मागायला हात धजत नाही. आणि गाडीची सोय आदल्या दिवशीच करा, आम्ही ऐनवेळी शोधत बसलो. पांढरी चादर, थोडा बर्फ, एवढं घरात असू द्या. पॉमचं वजन नियमित करता ना? आणि पाणी किती पिते ते मोजून बघा, वाडग्यावर मार्करने रेघ मारून.

दादरकर | २५ ऑगस्ट, रात्री १०.५५

आज रेघ मारतो. आभार.

आजोबा_७० | २ सप्टेंबर, सकाळी ८.१०

इथेच विचारतो, नवीन धागा कसा काढायचा ते नातू शिकवून गेला पण विसरलो. टायगरनंतर कुत्रं पाळलं नाही, पण एक बोका येऊन राहिलाय तीन वर्षं. चांगला लठ्ठ आहे. परवापासून दुधाला तोंड लावत नाही. गोळी दिलेली नाही, शपथ. दोन दिवस वाट बघू का?

परळची_पशुवैद्य | २ सप्टेंबर, सकाळी ८.१८

आजोबा, वाट बघू नका. मांजराचं उपाशी राहणं कुत्र्यापेक्षा वाईट, लठ्ठ असेल तर जास्तच. दोन-तीन दिवसांत अंगातली चरबी यकृतात जाऊन बसते आणि यकृत बंद पडतं. आज सकाळीच न्या. लघवी करतोय का तेही बघा. बोका वाळूत नुसता बसून राहत असेल आणि थेंबही येत नसेल तर तासाभरात निघा. गोळी दिली नाहीत हे फार चांगलं केलंत, मांजराचा जीव जायला ती एकच पुरते.

आजोबा_७० | २ सप्टेंबर, सकाळी ८.३१

लघवी करतो. निघालो. पण पिशवीत शिरत नाही, दोनदा ओरबाडलं.

शुभदा_भांडुप | २ सप्टेंबर, सकाळी ८.३३

उशीचा अभ्रा घ्या आजोबा. मागून घाला, डोकं बाहेर राहू द्या.